मुलगी काय करते?

आमच्या सिंदेवाहीत ‘मुलगी काय करते?’ या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता आलं पाहिजे, असा अलिखित नियम आहे. मास्तरीण आहे. नर्स आहे. तलाठी आहे. विचारणाऱ्याने चहा बशीत ओतलेला असतो, बशी ओठांकडे निघालेली असते आणि उत्तर येताच घोट सुखरूप आत जातो. उत्तराला दोन शब्द लागले तर बशी अधांतरी थांबते. तीन लागले तर ती खाली ठेवली जाते आणि ‘असं का?’ म्हणून पाहुणा आढ्याकडे बघतो. आमच्या भाचीपायी गेल्या दोन वर्षांत इतक्या बशा खाली ठेवल्या गेल्या, की ताईने शेवटी पाहुण्यांना नुसते कपच द्यायला सुरुवात केली. निदान सतरंजीवर सांडत तरी नाही.

भाची पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करते. पाचवं वर्ष. विषय ‘सिंगल मॉलिक्यूल बायोफिजिक्स’. ताईने हे शब्द स्तोत्रासारखे पाठ केले होते आणि स्तोत्राच्याच वेगाने ती ते म्हणायची, म्हणजे मध्येच कोणी अर्थ विचारू नये. तरी लोक विचारत. मग ताई म्हणे, “प्रोटीनचं संशोधन करते.” इथून खरा घोटाळा सुरू होई. संशोधन म्हटलं की सिंदेवाहीच्या माणसाच्या डोळ्यांपुढे धान येतं, कारण कृषी विद्यापीठाचं भाताचं संशोधन केंद्र गावातच आहे. “मंग पुण्याले कायले पाठवली पोरगी? इथंच केंद्र हाये ना!” असं शेजारच्या काकांनी ताईला दोनदा समजावलं. दुसऱ्या एका बाईंनी प्रोटीनचा डबा ओळखीत स्वस्त मिळेल का, अशी चौकशी केली. त्यांचा मुलगा जिममध्ये जातो.

अशात दिवाळीच्या सुमाराला एक बरं स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, वडील सरकारी खात्यातून निवृत्त, नागभीडकडे घरची धानाची शेती. ताईने मला बोलावून घेतलं आणि फर्मावलं, “या वेळी सांगायचं ते तू सांग. मामा आहेस तिचा.”

माझी पात्रता म्हणाल तर मी चौतीस वर्षं बँकेत रोखपाल होतो. शास्त्राशी आलेला संबंध म्हणजे नोटा मोजण्याचं यंत्र, आणि तेही बिघडायचं तेव्हाच. पण मी चष्मा लावून वर्तमानपत्राचं आतलं पान वाचतो, एवढ्या भांडवलावर घरात माझी विद्वान म्हणून पत आहे. पत एकदा बसली की ती मोडवत नाही, हे बँकेत शिकलो होतो. मी हो म्हणालो.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ओसरीवर माझी शिकवणी सुरू झाली.

“मामा, आधी तो डबा डोक्यातून काढा,” भाची म्हणाली. “प्रोटीन म्हणजे प्रथिन. अमिनो आम्लांची एक लांब साखळी असते. तिला विशिष्ट घडी पडली की ती कामाला लागते. कोणी कापतं, कोणी जोडतं, कोणी पेशीच्या एका टोकाचं ओझं दुसऱ्या टोकाला नेतं. आणि ही घडी इस्त्रीची नसते. ती सारखी थरथरते, उघडते, मिटते. प्रथिन हलतं कसं, हे मी बघते.”

“इतकी वर्षं कोणी बघितलं नव्हतं?”

“बघितलं होतं, पण सरासरी. तुम्ही बँकेत होता ना? दहा खातेदार घ्या. एकाच्या खात्यात दहा लाख, नऊ जणांच्या खात्यात शून्य. सरासरी किती?”

“एक लाख.”

“आता मला तो एक लाखवाला खातेदार दाखवा.”

मी चौतीस वर्षांच्या खातेवह्या मनातल्या मनात चाळल्या. तो माणूस कधी काउंटरवर आलाच नव्हता. अहवालात मात्र दर तिमाहीला आम्ही त्याच्याबद्दल लिहीत होतो.

परीक्षानळीतल्या एका थेंबात एकाच प्रथिनाचे अब्जावधी रेणू असतात. त्या सगळ्यांचं मिळून जे मोजमाप येतं, तो तो एक लाखवाला खातेदार. खरं बघितलं तर काही रेणू धावत असतात, काही थबकलेले असतात, एखादा चक्क मागे सरकत असतो. पण बेरीज करून भागाकार केला, की सगळे गुण्यागोविंदाने मध्यम गतीने चाललेले दिसतात. वरातीचा वेग दुरून मोजला तर मागे राहून चप्पल शोधणारा माणूस कुठे दिसतो? बरं, एकेकट्या रेणूकडे बघता येईल, असं पुष्कळांना वाटतही नव्हतं. श्रोडिंगरसारख्या थोर भौतिकशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये लिहून ठेवलं होतं, की एका इलेक्ट्रॉनवर, एका अणूवर किंवा एका रेणूवर आपण कधी प्रयोग करत नसतो. १९८९ मध्ये मर्नर नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्याबरोबर एका स्फटिकातला एक सुटा रेणू हेरला आणि ती शिस्त मोडली. पुढे २०१४ च्या नोबेल पारितोषिकात त्याला वाटा मिळाला.

“म्हणजे वाघासारखं,” मी म्हणालो.

भाची दचकली. तिला वाटलं मामा कंटाळले. पण मी खरंच समजून बोललो होतो. आमच्या या चंद्रपूरच्या जंगलात पूर्वी वाघ मोजायचे ते पंजाच्या ठशांवरून. ठशावर काच ठेवायची, कागदावर उतरवून घ्यायचं आणि आकडा काढायचा. २००६ पासून देशभरच्या गणनेत कॅमेरे आले. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, त्यामुळे फोटोवरून एकेक वाघ ओळखता येऊ लागला. आधी आमच्याकडे ‘इतके वाघ’ होते. आता हा वाघ आहे, ती वाघीण आहे, ती परवा कोणत्या नाल्यावर होती आणि तिचा कोणता बछडा शेताकडे फिरकतो, ही चर्चा पानठेल्यावर होते.

“अगदी तसंच!” भाची खूश झाली. “आम्ही प्रथिनाला चमकणारा रंग चिकटवतो. तो आमचा रेडिओ कॉलर समजा. आणि धरून ठेवायचं असेल तर चिमटा वापरतो.”

“कसला चिमटा?”

“प्रकाशाचा.”

आता बशी खाली ठेवायची पाळी माझी होती.

प्रकाश वस्तूला ढकलतो. आपल्याला ते जाणवत नाही, नाहीतर भर मे महिन्यात चंद्रपुरात कोणी उभं राहू शकलं नसतं. पण वस्तू धुळीच्या कणाहून लहान आणि प्रकाश लेसरचा असला, तर ते ढकलणं मोजण्याइतकं असतं. आर्थर अॅश्किन नावाच्या माणसाने अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये १९७० मध्ये लेसरने बारीक मणी ढकलून दाखवले, आणि १९८६ मध्ये एकाच झोताच्या केंद्रबिंदूशी मणी अडकवून ठेवला. पुढे त्याने जिवंत जीवाणू पकडले. हिरव्या लेसरने ते भाजून मेले, तेव्हा त्याने डोळ्यांना न दिसणारा अवरक्त लेसर घेतला आणि मग जीवाणू चिमट्यात अडकल्या अडकल्या वाढू लागले. या कामाचं नोबेल त्याला २०१८ मध्ये मिळालं, तेव्हा तो ९६ वर्षांचा होता. हे ऐकून माझ्या रखडलेल्या पेन्शन फरकाबद्दल मला एकदम धीर आला.

तर अशा मण्याला प्रथिन चिकटवायचं आणि मणी चिमट्यात धरायचा. प्रथिनाने ओढलं की मणी किंचित सरकतो. किती सरकला त्यावरून जोर कळतो, ताणकाट्यावर कळतो तसा. भाचीचं प्रथिन आहे किनेसिन. पेशीतला हा हमालच. पेशीत बारीक नळ्यांचे रस्ते असतात. त्यांवरून किनेसिन दोन पायांनी, एकामागून एक पाऊल टाकत, माल ओढून नेतं. एक पाऊल आठ नॅनोमीटरचं. हे १९९३ मध्ये अशाच चिमट्याने मोजलं गेलं. माणसाच्या केसाची जाडी ओलांडायची तर दहा हजार पावलं टाकावी लागतील. सेकंदाला शंभरेक पावलांचा वेग धरला तर दीडएक मिनिटाचं काम. पण पाठीच्या कण्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणाऱ्या मज्जातंतूतून मीटरभर जायचं, तर या वेगाने न थांबता पंधरवडा लागेल. पुण्याहून निघालेलं पार्सल आमच्याकडे पोचायला कधी कधी तितकेच दिवस लागतात, म्हणून मला हे लगेच पटलं.

“आणि तुझं अडलंय कुठे?” मी विचारलं. पाचव्या वर्षी माणूस उगाच मामाला शिकवत बसत नाही.

तिने जरा वेळ अंगणातल्या रांगोळीकडे बघितलं. किनेसिनचा एक छोटा भाग तिने बदलून टाकला होता. तो भाग चालण्यात काय काम करतो, ते कळावं म्हणून. पण बदललेलं किनेसिन मण्याला चिकटायचं, रस्त्याला चिकटायचं आणि तिथेच बसून राहायचं. पाच महिने ती रात्र रात्र अंधाऱ्या खोलीत पडद्यावरच्या एका ठिपक्याकडे बघत होती. रात्री अशासाठी की दिवसा रस्त्यावरच्या ट्रकच्या हादऱ्यानेही मणी हलतो. ते चाललं नाही, तर प्रबंधाचा अर्धा भाग उभाच राहणार नव्हता.

“आईला सांगू नका,” ती म्हणाली. मी सांगितलं नाही. पण त्या रात्री पहिल्यांदा मला वाटलं, की पाहुण्यांना नीट सांगता आलं पाहिजे.

रविवारी पाहुणे आले. मुलगा, आई-वडील आणि धोतर नेसलेले आजोबा. पोहे झाले, चिवडा झाला. मुलाच्या वडिलांनी कप उचलला आणि विचारलं, “मुलगी काय करते?”

मी घसा साफ केला आणि सुरुवात केली. वाघ सांगितला, खातेदार सांगितला, चिमटा सांगितला. मुलाच्या आई एवढंच म्हणाल्या, “चिमट्याचं काम करते म्हणजे स्वयंपाकाची आवड दिसते.” मुलगा मोबाईलकडे बघत होता. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि निवृत्त अधिकाऱ्याला शोभेल असा प्रश्न टाकला, “ते ठीक आहे. पण याच्यात पुढे स्कोप काय?”

हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. भाचीने माझ्याकडून उत्तर पाठ करून घेतलं होतं. मी म्हणालो, “मुंबईचे रूप मल्लिक घ्या. हे मूळचे भौतिकशास्त्राचे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पीएच.डी. केली, ती चुंबकीय पदार्थांवर. पेशीशी संबंध शून्य. मग कॅलिफोर्नियाला गेले आणि तिथे या प्रथिनांच्या नादी लागले. किनेसिनचा एक जोडीदार आहे, डायनीन. तो उलट्या दिशेने माल ओढतो. त्याला गिअर असतो! ओझं नसलं की लांब ढांगा, ओझं वाढलं की आखूड पावलं. २००४ मध्ये ‘नेचर’ या मोठ्या नियतकालिकात हे छापून आलं. पुढे परत कुलाब्याला येऊन त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा काढली. आता पवईच्या आयआयटीत असतात.”

“पगार?” वडिलांनी विचारलं.

“२०१४ मध्ये भटनागर पुरस्कार. २०१८ मध्ये इन्फोसिस...”

“इन्फोसिसमध्ये आहेत?” वडील पुढे सरकले. “मग आधी सांगायचं ना! मोठी कंपनी आहे.”

तो पुरस्कार आहे, नोकरी नव्हे, हे सांगायला मला तीन वाक्यं लागली आणि प्रत्येक वाक्यागणिक वडील एकेक इंच मागे सरकत गेले. शेवटी ते भाचीकडे वळून म्हणाले, “बेटा, लग्नानंतर हे असंच रात्रीबेरात्री चालू राहील का? की संपवून टाकशील?”

ताईचा हात पदराशी गेला. तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट वाचता येत होतं, ‘संपवते म्हण. एकदा म्हणून टाक.’ खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता.

“चालू राहील,” भाची म्हणाली.

कोणी काही बोलेना. तेवढ्यात कोपऱ्यातून आजोबा बोलले. इतका वेळ त्यांना ऐकू येत नाही, असा माझा समज होता.

“पोरी, एका थेंबात अब्ज अब्ज हायेत म्हनतं तू. मंग एकाकडंच कायले पाहतं?”

“आजोबा, गर्दीत जो वेगळा वागतो, तो दिसत नाही. एकेकाकडे बघितलं तरच दिसतो.”

आजोबांनी मान हलवली. “दादाजीनं तेच केलं होतं.”

दादाजी म्हणजे दादाजी खोब्रागडे. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे. आमच्या भागात त्यांचं आडनाव सांगावं लागत नाही. १९८३ मध्ये पटेल ३ जातीच्या धानात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाण्याचा रंग जरा निराळा, बाकी धान चारचौघांसारखं. दुसऱ्या कोणी कापून पेंढीत घातल्या असत्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, निराळ्या पेरल्या, पुढल्या वर्षी पुन्हा पेरल्या. त्या तीन लोंब्यांतून जो तांदूळ झाला त्याला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून एचएमटी हे नाव पडलं, आणि तो महाराष्ट्राबाहेरही शेताशेतांत पोचला. २०१८ मध्ये दादाजी गेले. आता पोह्यांनंतर आमच्याकडे जो भात शिजत होता तोही एचएमटीचाच होता.

“मी गेलो होतो त्याच्या बांधीवर,” आजोबा म्हणाले. “मी म्हटलं, दादा, तीन लोंब्यांनं का होते? तो काही बोलला नाही. खाली बसून पाहतच होता.” मग भाचीकडे वळून म्हणाले, “त्या गिअरवाल्याचं सांग.”

आणि गंमत अशी, की त्यानंतरचा अर्धा तास त्या दोघांचाच होता. एकटा डायनीन किनेसिनपुढे दुबळा असतो, पण टोळीने ओढायचं असेल तर डायनीनच भारी पडतात, हे मल्लिकांच्या प्रयोगशाळेने २०१३ मध्ये दाखवलं. कारण तो गिअर. पुढे गेलेल्यावर ओझं जास्त येतं, म्हणून त्याची पावलं आखूड होतात, मागचे त्याला गाठतात आणि भार सगळ्यांत वाटला जातो. किनेसिनांना हे जमवून घेणं येत नाही.

“रोवण्यासारखं,” आजोबा म्हणाले. “चलाख बाई पुढं गेली त हात सावकाश करते. नाहीतर ओळ तुटते.”

“आजोबा, हे उदाहरण मी प्रबंधात घालू का?” भाचीने विचारलं. आजोबा लाजले. मुलाच्या वडिलांनी घड्याळ पाहिलं.

जाताना वडील “कळवतो” म्हणाले आणि आठवड्याने त्यांनी कळवलं, की पत्रिका जुळत नाही. पत्रिका आम्ही दिलीच नव्हती. ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “सांगितलंस मात्र चांगलं. मला पहिल्यांदा कळलं पोरगी काय करते ते.” मग थोडं थांबून, “चालेल ना रे ते?” भाचीने तिलाही सांगितलं होतं तर.

फेब्रुवारीत एका रात्री दीड वाजता फोन वाजला. “मामा, चाललं!” भाची ओरडली. मीही “चाललं!” म्हणून इतक्या जोरात ओरडलो, की आमची ही दचकून उठली आणि आधी दाराची कडी तपासून आली. सिंदेवाहीत रात्री कोणी असं ओरडलं तर त्याचा एकच अर्थ होतो.

सकाळी उठून मी आजोबांना फोन केला. जाता जाता त्यांनी माझा नंबर बंडीच्या खिशातल्या डायरीत लिहून घेतला होता, आपला दिला होता. पत्रिकेचा विषय दोघांनीही काढला नाही.

“किती पावलं टाकली?” त्यांनी विचारलं.

“सतरा.”

“मंग?”

“मग रस्त्यावरून सुटलं.”

आजोबांनी विचार केला. “पुन्हा चढवा म्हना. ओझं थोडं कमी करून.”

मी हा निरोप पुण्याला पोचवला. भाची आधी हसली, मग गप्प झाली. तिच्या मार्गदर्शकांनीही सकाळी नेमकं तेच सांगितलं होतं.

परवा शेजारचे काका चहाला आले होते. ताईने पुन्हा बशा काढल्या आहेत. काकांनी चहा ओतला, बशी उचलली आणि सवयीने विचारलं, “मंग, पोरगी का करते आता?”

“बघते,” मी म्हणालो. एकच शब्द.

बशी ओठापाशी थांबली. “का बघते?”

“घोट घ्या आधी, काका,” मी म्हणालो. “सांगतो. जरा वेळ लागेल.”